कापसातलं हाड

पुणे, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

फोटो पाहिले. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीत, चर खणताना निघालेलं खापर मस्तच आहे. पण हाड धुतलंस, गोंदानं चिकटवलंस आणि वर कापसात ठेवलंस हे वाचून कपाळावर हात मारला! गड्या, गोंदात कार्बन, कापसात कार्बन, आणि वय काढायला मोजायचा असतो तोही कार्बनच.

जीव जिवंत असतो तोवर खाण्यातून कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी भाऊ, अंगात येत राहतो. मेला की आवक बंद. असेल तेवढा झिजत जातो, ५७३० वर्षांनी निम्मा. शिकागोत विलर्ड लिबी या रसायनशास्त्रज्ञानं १९४९ साली वय आधीच ठाऊक असलेल्या इजिप्तमधल्या लाकडांवर हा हिशेब पडताळला. १९६० चं नोबेल त्यासाठीच. एक ग्रॅम ताज्या कार्बनमध्ये मिनिटाला साधारण १४ अणू फुटतात, तीन हजार वर्षांनी दहाच्या आत. पूर्वी अणू फुटल्याचे असले ठोके दिवसचे दिवस मोजत बसायचं! आता यंत्रं अणूच मोजतात, एक दाणाही पुरतो.

दाण्यावरून आठवलं. तुझ्याच घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं खणलं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. भूत होऊन परतू नयेत म्हणून, असा एक तर्क आहे. वस्ती इ. स. पू. १६०० ते ७०० ची. पण हे कळायला हाडांपेक्षा कोळसा जास्त कामाला येतो, कारण आपल्या उन्हापावसात हाडातलं कोलॅजन, म्हणजे ज्यातला कार्बन मोजतात ते प्रथिन, टिकत नाही. कोळशाचीही खोड आहेच: घराचा खांब दीडशे वर्षांच्या झाडाचा असला, तर गाभ्याचा कोळसा घरापेक्षा म्हातारा निघतो. म्हणून मला जळका जव जास्त भरवशाचा वाटतो. एका हंगामाचं पीक, लबाडीला जागा नाही.

तेव्हा हाडाचं वय विसर. खापराशेजारी काळे दाणे दिसले तर हात लावू नकोस, चरावर ताडपत्री टाक आणि तहसील कचेरीत कळव. मी शनिवारी पहिल्या एसटीनं येतो. काकूंना पिठल्याचं सांगून ठेव.

आणि तोवर चराशी बसून बिडी ओढू नकोस. तिची राखही हिशेबात येईल.

तुझा,
अण्णा