स्लाइड वाचून दाखवू नका

महोदय,
पॉवरपॉइंट १९८७ साली बाजारात आले, तरी मराठवाड्यातल्या कित्येक वर्गांत त्याची नवलाई अजून सरलेली नाही. आम्हा विद्यार्थ्यांचा त्याला विरोध नाही. पेशीविभाजनाचे टप्पे किंवा अजिंठ्याची भित्तिचित्रे पडद्यावर आली की मागच्या बाकांवरच्याही माना वर होतात. वैताग येतो तो स्लाइड शब्दशः वाचून दाखवल्याचा. वाचता आम्हालाही येते! गणिताची सिद्धता तर फळ्यावरच हवी. खडूच्या वेगाने डोके चालते, पडद्यावर मात्र अख्खे उत्तर एकदम येऊन आदळते. त्यात वीज गेली की तासच संपला. प्राध्यापकांनी स्लाइडवर चित्रे, आलेख ठेवावेत, बाकीचे बोलून समजवावे. आणि पीपीटी ग्रुपवर टाकायची ती तास संपल्यावर. आधीच मिळाली तर वही कोण उघडणार?

– एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, परभणी