वायरीवरचं वाचून घे

सिडको, नाशिक

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर दोघांचेही आवाज चढले, म्हणून लिहितेय. कामाचा विषय काढायचाच नाही असं ठरवलं होतं. जेवण वेळेवर घे, मेसचं पटत नसेल तर माईंच्या ओळखीच्या खोलीचं बघ, एवढंच.

पण ती राखाडी वायर डोक्यातून जात नाही. सोलरच्या पेटीत १००० व्होल्ट डीसी आणि हातात ४५०/७५० व्होल्ट छापलेली वायर. तुझे साहेब म्हणतात, डीसीला दीडपट चालतं, साडेसातशेचे सव्वाअकराशे झाले. अरे, पण हे गणित अर्धंच केलंय. ७५० हा दोन तारांमधला आकडा. तार आणि जमीन यांच्यातला ४५०, त्याचे दीडपट ६७५ च होतात. ती वायर पेटीच्या पत्र्याला टेकूनच जाते ना? सोलरच्या प्लस-मायनस दोन्ही टोकांना सहसा अर्थिंग नसतं. एका टोकाला कुठे अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे तार जमिनीशी जोडली गेली, की दुसऱ्या टोकाची वायर आणि पत्रा यांच्यामध्ये पूर्ण १००० येतात, मधे फक्त ते पातळ आवरण. आपल्या निफाडसारखा गारठा पडला तर सकाळी सोलरच्या प्लेटा आणखी जास्त व्होल्टेज देतात.

आणि डीसीचा आर्क, ती सलग पेटती ठिणगी, सहजी विझत नाही रे. आपला ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी तुटते. डीसीला शून्यच नाही. वायरीच्या टोकाचा लग, वायरी नेतात ते डक्ट, सगळं जळत जातं. आयसोलेटरचा खटका पाडला तरी ऊन आहे तोवर प्लेटांकडची बाजू जिवंतच. तिथे तू हात घालणार.

बघ, शिकवायला लागलेच. माफ कर. डिप्लोमा तू केलायस, मी अंबडच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलच्या लाईनवर वायरींच्या टोकांना फेरूल चढवत शिकले. लहानपणी माझ्या पिशवीतले तांब्याचे तुकडे काढून पोळ्याला बैल करायचास. शिंगं वळवायला वायर दातांनी सोलायचास आणि पाठीत धपाटा खायचास. आजींनी त्यातली एक जोडी देवघरात ठेवली होती, आठवतं?

परवा लाईनवर सगळ्यांना सांगितलं, आमच्या ओंकारने वायरीच्या कॉईलवरची छपाई स्वतः वाचून साहेबांना विचारलं. फार बरं वाटलं सांगताना. आणि काल तूच म्हणालास, "डिस्पॅच आहे, सोमवारी बघू." तेव्हापासून झोप नाही.

१५०० व्होल्ट डीसी छापलेली सोलर केबल मागव, एच१झेड२झेड२-के असं त्यावर असतं. त्याच डक्टमधून २४ व्होल्टच्या सिग्नलची वायर नेत असतील तर तिलाही हजाराला पुरणारं आवरण हवं, नाहीतर डक्ट वेगळं. साहेबांशी वाद घालू नकोस. "ही वायर या डीसी व्होल्टेजला रेट केलेली नाही, बदलून हवी," एवढा मेल कर. लेखी असू दे. चिडले तर चिडू देत, नोकरीचं पप्पा आणि मी बघू. घरचा हप्ता भागतोय, त्याची काळजी तू करू नकोस.

पुन्हा तेच लिहिलं. चिवड्याचा डबा शिंदेकाकांबरोबर पाठवलाय, मिरची कमी घातलीय.

कॉईलवरच्या छपाईचा फोटो काढून आजच पाठव. खोलीचं नंतर बोलू.

तुझी,
आई