सांगलीच्या बुद्धिबळ स्पर्धेत तिसऱ्या फेरीत भेटलेल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

पेअरिंगच्या, म्हणजे कोण कोणाशी खेळणार त्या यादीत तुमचं नाव होतं, पण न विचारता इथे लिहीत नाही. पांढरी तुमच्याकडे, समोर घाईत असलेला मी, एवढ्यावरून ओळखाल.

मी कॅरो-कान हा काळ्याचा बचाव खेळलो. आधी तुमची चाल, मग माझी: ई४ सी६, डी४ डी५, ई५ आणि माझा उंट एफ५ वर. मग तुम्ही एच४ केलंत. खरं सांगतो, मनात आलं, काकांना प्यादी ढकलायची हौस दिसते! सवयीने ई६ केलं, घड्याळ दाबलं आणि पाणी प्यायला उठलो. परत येतो तर जी४. उंट ई४, तुमचं एफ३, उंट जी६, आणि एच५. उंट कोंडला, फार तर सी२ चं एक प्यादं घेऊन मरणार. वजिराने एच४ वर शह द्यायला हात उचललाच होता, तेवढ्यात एच१ वरचा तुमचा हत्ती दिसला; वजीर फुकट मेला असता. मोहऱ्याला बोट लागलं नाही, हे नशीब; लागलं असतं तर ते हलवावंच लागलं असतं.

हरल्यावर स्कोअरशीटवर, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदावर सही करून मी सटकणार होतो. "चहा घेऊ, मग पट मांडू," म्हणालात. बाहेरच्या पायऱ्यांवर तुमचा चुंबकाचा छोटा पट आणि पाऊण तास! जेवायची सुट्टी त्यात गेली तुमची.

पांढऱ्याने एच४ ऐवजी घोडा एफ३ केला असता तर ई६ बरोबरच होतं, हे तुम्ही आधी सांगितलंत, म्हणून पुढचं ऐकावंसं वाटलं. एच४ ला मात्र आधी एच५ करून जी४ अडवायचं, किंवा एच६ करून उंटाला एच७ चं घर राखायचं. तुमचं मत एच५ ला, पण जी५ चं घर त्यात कायमचं दुबळं होतं हेही बजावलंत. मध्येच १९६१ चा मॉस्कोचा, ताल आणि बोटविनिक यांच्यातला जगज्जेतेपदाचा सामना निघाला. तालसुद्धा ई५ सरकवायचा, तरी पन्नाशीला टेकलेल्या बोटविनिकने हाच बचाव खेळत १३-८ ने जगज्जेतेपद परत मिळवलं. पन्नाशीवर जरा जास्तच जोर दिलात, काका.

परवा दुसऱ्या स्पर्धेत एका चिमुरड्याने एच४ केलं. मी एच५. शेवटी हत्तींच्या एण्डिंगमध्ये, म्हणजे डावाच्या अखेरच्या टप्प्यात हरलोच, पण उंट शाबूत होता.

तुमच्या पेन्सिलीचे बाण असलेली ती स्कोअरशीट जपून ठेवली आहे. पुन्हा पेअरिंग लागलं तर एच४ जरूर करा. चहा माझ्याकडून.

तुमचा,
ई६ वाला