पबमधली बैठक आणि परवाचं पत्र

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

परवाच्या अंकात 'दारूच्या टेबलावर देवाचं नाव घ्यायची लाज कशी वाटत नाही' असं विचारणारं पत्र वाचून डोक्यात तिडीक गेली. पत्रलेखकांना विचारायचा हक्क आहे. पण पबमध्ये जमून देवाधर्मावर बोलणाऱ्या बैठकींच्या मूळ बातमीवर तुम्ही फेसाळत्या बिअरच्या ग्लासांचा एवढा मोठा फोटो छापलात, तर वाचकांनी दुसरं काय समजायचं? अशा बैठकीत काय बोलतात, हे बातमीत शेवटच्या दोन ओळींत उरकलं होतं.

मी केंब्रिजजवळच्या एका खेड्यात राहते आणि अशाच एका बैठकीला जाते. सोमवारी पबमध्ये गिऱ्हाईक नसतं, म्हणून मालक मागची खोली फुकट देतो. आम्ही चहा, लाइम-सोडा, कुणी बिअर, शिवाय मधे दोन थाळ्या चिप्स मागवतो. ना व्यासपीठ, ना माइक. स्थानिक चर्चच्या पाद्रीबाई येतात, पण त्या अध्यक्ष नसतात. येणाऱ्यांत नास्तिकही आहेत.

आता मी तिथे का जाते ते सांगते. माझा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर आई मला पुण्यात एका प्रवचनाला घेऊन गेली. विषय कर्मफलाचा होता. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, असं सांगितलं होतं, म्हणून मी लिहिलं: एकोणीस वर्षांच्या मुलाने असं कोणतं कर्म केलं होतं? चिठ्ठी हातोहात पुढे गेली. महाराजांनी ती वाचली, घडी घातली आणि शेजारच्या तांब्याखाली सरकवली. बाकीच्या चिठ्ठ्यांना उत्तरं मिळाली. शेवटी सगळ्यांना उद्देशून म्हणाले, घरच्या दुःखाचं भांडवल करून शास्त्राला जाब विचारू नये. आईने माझा हात घट्ट धरला होता. ती पुन्हा कधी प्रवचनाला गेली नाही, आणि घरात हा विषय कुणी काढला नाही.

तोच प्रश्न मी इथे पबच्या मागच्या खोलीत विचारला. पाद्रीबाई म्हणाल्या, माझ्याकडे याचं उत्तर नाही. मग भावाचं नाव विचारलं. एक निवृत्त नर्स मुलांच्या वॉर्डातल्या रात्रपाळ्यांबद्दल बोलली. मालक टेबलं पुसायला आला, तरी कुणी उठलं नाही. उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण माझा प्रश्न कुणी तांब्याखाली ठेवला नाही, आणि मला देव तिथे जास्त जवळचा वाटला. पत्रलेखकांना हे पटणार नसेल, तर निदान शिव्या तरी देऊ नयेत.

हे पाश्चात्त्यांचं नवं फॅड आहे, हेही खरं नाही. याच केंब्रिजात १५२०च्या दशकात व्हाइट हॉर्स नावाच्या मद्यगृहात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या लिखाणावर चर्चा चालत. लोक त्या जागेला 'लिटल जर्मनी' म्हणत. त्या मंडळींपैकी टॉमस बिल्नी यांना १५३१ साली नॉरिचला जिवंत जाळलं. कॅथलिकांनी तर १९८१ मध्ये शिकागोच्या परिसरात तरुणांसाठी 'थिऑलॉजी ऑन टॅप' नावाचा धर्मचर्चेचा उपक्रम स्वतःहून सुरू केला. आणि आपल्या मुंबईत १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी धर्मावर वाद घालायला कुठे बसले होते? समुद्रकिनाऱ्यावर, चारचौघांत, वाटेल त्याने येऊन ऐकावं असे.

पत्रातला एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. दारूने घरं उद्ध्वस्त होतात आणि ज्याने ती सोडली आहे त्याला पबमध्ये बोलावणं बरं नव्हे. आमच्यात असे एक गृहस्थ आहेत. शेजारच्या मुस्लीम बाईंनाही यायचं होतं, पण त्या पबची पायरी चढणार नाहीत. म्हणून आता एका आड एक बैठक ग्रंथालयाच्या खोलीत होते. तिथे कॉफीचा थर्मास आम्हीच घेऊन जातो. पत्रलेखकांनी दारूबद्दल एवढंच लिहिलं असतं, तर मी सही केली असती. त्यांनी आम्हाला धर्मबुडवे म्हटलं, आणि तुम्ही ते चौकटीत छापलंत.

आणखी एक. रविवारच्या पुरवणीतलं संतसाहित्याचं सदर न सांगता बंद झालं आहे आणि त्या जागी फ्लॅटच्या जाहिराती येतात. माझी आई ते सदर कात्रीने कापून वहीत चिकटवायची. ते पुन्हा कधी सुरू होणार, हे कळवावं. आणि हे पत्र छापणार असाल, तर चिठ्ठीचा भाग कापू नये, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक,
केंब्रिजशर, इंग्लंड