तिसरी रांग

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "पप्पा, आपल्या कोल्हापूरचा महाद्वार रोड अजून तसाच आहे का?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. तसा नाही गं राहिला. तुला दांडीवर बसवून मी तिथनं सायकल मारत यायचो. आता गाडी लावायला जागा सापडेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. वाडे पडले, काचेची दुकानं आली. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. दुकानं बदलायचीच. आणि चप्पल लाईनीत अजून कातड्याचा वास येतो, गंगावेशेत अजून समोर म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात.

पण केशवराव भोसले नाट्यगृहाचं मी तुला खरं सांगितलं नव्हतं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री तू घाबरून फोन केलास, तेव्हा "थोडं छप्पर जळालंय" म्हणालो. मी तिथंच उभा होतो. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं पेटलेलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. 1957 मध्ये त्याला केशवरावांचं नाव दिलं. पाठीला पाठ लावून खासबागेचं मैदान. एकीकडं शड्डू, दुसरीकडं नांदी, अशी जोडी मी दुसऱ्या गावात पाहिली नाही. बंबाचं पाणी काळं होऊन रस्त्यावर वाहत होतं. माझ्या शेजारचे एक म्हातारे गृहस्थ चपला बाजूला काढून, हात जोडून उभे होते.

तुझं पहिलं नाटक तिथलंच. दुसरीत होतीस, झाड झाली होतीस. वाक्य एकही नव्हतं. हिरव्या झग्यावर आईनं रात्री जागून एकेक पान शिवलं होतं. उजेड पडला तशी तू आम्हाला शोधायला लागलीस आणि तिसऱ्या रांगेत आम्ही दिसल्यावर फांदी धरलेला हात जोरात हलवलास. आई केवढी हसली!

ती गेल्यावर मी अधूनमधून एकटाच केशवरावला जायचो. नाटक कुठलंही असो, तिकीट तिसऱ्या रांगेचं काढायचो. हे तुला कधी बोललो नाही. म्हणून त्या रात्रीही खरं सांगवलं नाही.

तो झगा पेटीत आहे. चार-पाच पानं सुटलीत. दिवाळीला आलीस की टाके घालून दे. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही.

तुझे,
पप्पा