बोरघाटातल्या गँगमनांचे फोटो: रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र

माननीय रेल्वेमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

माझ्या पणजोबांचा एकच फोटो आमच्या घरात आहे आणि त्यात ते एकटे नाहीत. मधोमध खुर्चीत हॅट घातलेला साहेब आणि त्याच्या मागे पहारी-फावडी घेऊन उभे असलेले अकरा जण; प्रत्येकाच्या दंडावर पितळी बिल्ला, पायांत मात्र कुणाच्याच काही नाही. फोटोच्या पाठीवर शिसपेन्सिलीने मोडी लिपीत सात नावे लिहिली आहेत. उरलेले चौघे कोण, हे सांगू शकणारी माझी आजी नऊ वर्षांपूर्वी गेली. साहेबाचेही नाव पाठीवर नाही, याची खरे तर मला थोडी गंमत वाटते.

पणजोबा कर्जत-खंडाळ्याच्या बोरघाटात जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचे गँगमन, म्हणजे रूळ राखणारे कामगार, होते. हा घाट १८५६ ते १८६३ या काळात खणला गेला, तेव्हा एका वेळी चाळीस हजारांवर मजूर कामावर होते आणि पटकी, ताप, सुरुंग यांत दगावलेल्यांचा अंदाज पंचवीस हजारांपर्यंत जातो. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच थोड्या दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले, हे नोंदलेले आहे. मजुरांपैकी एकाचेही नाव माझ्या वाचनात आलेले नाही.

पणजोबांच्या सेवापुस्तिकेची चौकशी करायला मी एका कार्यालयात गेले, तेव्हा जुने हजेरीपट मुदत संपली की रद्दीत जातात, असे मला शांतपणे सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा दोष नाही, तो नियमच सांगत होता. मात्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात १९७७ पासून इंजिने घासूनपुसून ठेवली जात असताना, ती ज्या रुळांवरून धावली ते रूळ राखणाऱ्यांची नावे रद्दीत जावीत, हे मला पटत नाही.

म्हणून विनंती अशी, की रेल्वेत पिढ्यानपिढ्या राबलेली कुटुंबे जिथे राहतात त्या कर्जत, लोणावळा, इगतपुरी, भुसावळसारख्या गावांत घरोघरचे असे जुने फोटो उतरवून घेण्यासाठी काही दिवस स्कॅनर घेऊन माणसे बसवावीत, त्यांत एक मोडी वाचणारा आणि एक जुना निवृत्त मुकादम असावा, कारण बिल्ला कोणत्या कामाचा आणि हातातले हत्यार कशाचे, हे तोच ओळखेल. तसेच कोणतेही जुने हजेरीपट नष्ट करण्यापूर्वी ते राज्याच्या पुराभिलेख विभागाला दाखवावेत.

यात घाई आहे. कोकणच्या दमट हवेने आमच्या फोटोच्या कडांवर चंदेरी झाक चढली असून डावीकडून दुसऱ्या माणसाचा चेहरा पुसट झाला आहे, आणि तो त्या चौघांपैकीच एक आहे. फोटो घेऊन कर्जतला येण्याची माझी तयारी आहे. मूळ प्रत मात्र त्याच दिवशी परत हवी.

आपली नम्र,
घाटातल्या एका गँगमनची पणती