दसऱ्याच्या भाषणाचा खर्डा वाचून

सांगली

प्रिय सुधीर,

खर्डा मिळाला. तोंडदेखलं 'छान' म्हणू नकोस, असं तूच बजावलंयस, तेव्हा रागावू नकोस.

पत्र्याची शेड, जुनं लेथ, रात्रभर जॉब काढून सकाळी स्कूटरवरून पोच. तुझ्या कारखान्याच्या सुरुवातीची ही गोष्ट मला इतकी पाठ झालीय की तुझा घसा बसला तर मी उभा राहून सांगेन. एके काळी तिनं कामही केलं. बँकेत काय किंवा पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी परचेसवाल्यांपुढे काय, दाखवण्यासारखा ताळेबंद नव्हता. हा गडी दिलेला शब्द पाळतो, एवढंच पटवायचं होतं. पण खंडेनवमीच्या पूजेला समोर बसणार आहेत ती तुझ्याच शॉपवरची पोरं. सीएनसीवरचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनवरचा डिप्लोमावाला ही गोष्ट ऐकतो, त्यात त्याला धावपळ करणारा एकच माणूस दिसतो. मग मटेरियल परत पाठवायचं की नाही एवढं विचारायलासुद्धा तो तुझ्या केबिनबाहेर थांबतो, आणि रात्री तू मला फोन करून म्हणतोस, कुणी जबाबदारीच घेत नाही!

शिवाय दरवर्षी तुझ्या गोष्टीतून एकेक माणूस गळतंय. आण्णांनी उसाच्या बिलातून लेथचे पैसे भरले, हे तू पूर्वी सांगायचास. वहिनी जेवणं उरकून चलनं लिहायला बसायच्या, तेही सांगायचास. आता म्हणे सगळं शून्यातून उभं केलं. आण्णा पहिल्या रांगेत असणार आहेत, एवढं तरी ध्यानात ठेव.

पुण्याला जाताना आपण किर्लोस्करवाडी कितीदा ओलांडली असेल. तिथला कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांजवळ तर एकट्याच्या पराक्रमाची गोष्ट तयारच होती. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, काही रंग ओळखता येईनात म्हणून मेकॅनिकल ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढती डावलली गेली तशी नोकरी सोडली आणि बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. भाषणाला याहून काय हवं? पण एवढ्यावर थांबलास तर दुकानात बरोबरीनं राबलेले भाऊ रामूअण्णा दिसत नाहीत. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि भांडवलाला कर्ज दिलं, म्हणून 1910 साली वाडी वसली. आणि पुढं कहाणी एकट्या लक्ष्मणरावांची उरलीही नाही. पुतणे शंकरराव यांनी 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' काढलं. कारखान्याचं ते पत्रक पुढं घराघरांत वाचलं जाणारं मासिक झालं. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून आले आणि 1946 मध्ये पुण्यात ऑइल इंजिन्सची कंपनी उभी राहिली. त्यांनी जन्मभर नांगराचीच गोष्ट सांगितली असती तर इंजिनं कुणी घेतली असती?

तुझ्याकडे अनघा आलीय कामाला. तिच्या वाट्याला तुझी स्कूटर येणार नाही, आणि यायलाही नको. निर्यातीची कागदपत्रं ती बघते, पण खर्ड्यात तिचं नाव एकदाच, तेही आभारात, हारवाल्याच्या आधी!

मला विचारशील तर शेड दोन वाक्यांत आटप. मागच्या पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा तू परगावी होतास, आणि सुपरवायझरनं तुला न विचारता भाड्याची क्रेन आणून मशिनं उचलली, ते सविस्तर सांग. नाव घेऊन सांग. बिल बघून तू आधी चिडला होतास, हेही सांगितलंस तर पोरं हसतील आणि पुढच्या वेळी विचारत बसणार नाहीत.

आण्णांचा आणि वहिनींचा भाग पहिल्या पानावर घे. शेवटची ती चार सुविचारांची ओळ काढून टाक, ती तुझी वाटतच नाही.

दुसरा खर्डा घटस्थापनेच्या आत पाठव. नंतर आमच्याकडे पाहुणे आहेत, मला वेळ मिळणार नाही. वहिनींना नमस्कार, आण्णांना शि. सा. नमस्कार.

तुझा,
विजय